अवतरणचिन्हांतले गाव

'ईट भूम तालुक्यात आहे' आणि '"ईट" दोन अक्षरी आहे' या दोन वाक्यांत शब्द एकच आहे. पण पहिल्यात तो गावाकडे बोट दाखवितो, दुसऱ्यात स्वतःकडेच. हा भेद पाणिनीला ठाऊक होता. व्याकरणात शब्द आला की (संज्ञा वगळता) त्याचे रूपच घ्यावे, अर्थ नव्हे, असे अष्टाध्यायीचे एक सूत्र सांगते. पुढे उद्धृताची सीमा संस्कृतात 'इति'ने, मराठीत 'असे', 'म्हणून' यांनी राखली. मोडी दप्तरांना विरामचिन्हांची गरज भासली नाही. १८५० मध्ये मेजर थॉमस कँडी यांचे 'विरामचिन्हांची परिभाषा' आले आणि छापील मराठीत ही चिन्हे हळूहळू रुळली.

संगणकाच्या भाषांनाही हाच प्रवास करावा लागला. आज्ञावलीत जसाच्या तसा लिहिलेला मजकूर म्हणजे 'स्ट्रिंग लिटरल'. फोरट्रानच्या १९६६ च्या प्रमाणात तो लिहिताना आधी अक्षरसंख्या, मग 'एच', मग मजकूर द्यावा लागे. मोजणी चुकली की सीमा चुकली. १९७७ च्या प्रमाणाने तेथे एकेरी अवतरणचिन्हे आणली. सी भाषेने दुहेरी चिन्हे घेतली, आणि मजकुरातच ते चिन्ह आले तर त्याआधी उलटी तिरकी रेघ देण्याची सोय केली.

२००८ च्या पायथॉन ३ मध्ये अवतरणाविना लिहिलेले ईट हे चलाचे नाव ठरते. अवतरणात तोच शब्द निव्वळ मजकूर होतो. त्याची लांबी यंत्र २ सांगते, आपल्यासारखीच. 'धाराशिव'ची मात्र ७ सांगते. आपण अक्षरे चार मोजतो. यंत्र युनिकोडनुसार काना आणि वेलांटी वेगळी मोजते. 'शि'ची वेलांटी कागदावर आधी दिसते, पण साठविली जाते 'श'नंतर, म्हणजे उच्चाराच्या क्रमाने.

आमच्या मते साहित्याच्या अभ्यासकाला यात एक इशारा आहे. २०२३ मध्ये उस्मानाबाद जिल्हा धाराशिव झाला. यंत्राला 'हा शब्द काढ, तो घाल' असे सांगितले, तर ते आजच्या पत्त्यातले नाव बदलेल आणि शंभर वर्षांपूर्वीच्या पत्राच्या उताऱ्यातलेही. यंत्र अवतरणचिन्ह पाळते ते केवळ आज्ञावलीच्या व्याकरणापुरते. आतले शब्द कोणाचे, कोणत्या काळाचे, हे त्याला उमगत नाही. पत्ता बदलावा, उतारा बदलू नये. तेवढा विवेक संपादकालाच करावा लागतो.