परभणी जिल्ह्यातील गोदाकाठची मळई : एका उपेक्षित जमिनीचा इतिहास

परभणी जिल्ह्याचे नाव निघताच काळ्या, कसदार जमिनीचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. आणि ते अयथार्थ नाही. जिल्ह्याचे बहुतेक क्षेत्र बेसाल्ट खडकाच्या झिजेतून बनलेल्या काळ्या जमिनीने व्यापलेले आहे. तथापि पाथरी, मानवत, सोनपेठ, गंगाखेड, पालम व पूर्णा या तालुक्यांतून वाहणाऱ्या गोदावरीच्या काठी, तसेच पूर्णा आणि दुधना या नद्यांच्या तीरी, काळीहून भिन्न स्वभावाच्या जमिनीची एक अरुंद पट्टी ठिकठिकाणी आढळते. शास्त्रीय परिभाषेत ती वाळुमिश्रित दुमट पूरमृदा होय. लोकव्यवहारात तिला मळई म्हणतात. विस्ताराने अल्प असल्यामुळे या पट्टीकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेले आहे. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, काळी जमीन ज्या अर्थाने स्थिर आहे त्या अर्थाने मळई कधीच स्थिर नव्हती. ती दर पुराबरोबर घडत असे. महसुली व्यवस्थेने तिला काळीच्याच मापाने मोजले, आणि पुढे नदीचा प्रवाह अडविताना तिच्या घडण्याचा हिशेब कोणी मांडला नाही.

मृदेचे स्वरूप

बेसाल्टच्या प्रदेशात वाळुमिश्रित दुमट जमीन असावी, हेच मुळात विचार करण्याजोगे आहे. या खडकात स्फटिकरूप वाळू देणारे क्वार्ट्झ जवळजवळ नसते. म्हणून त्याच्या झिजेतून मुख्यतः चिकण माती निपजते. गोदावरीच्या या भागातील वाळू पाहिली असता तीत बेसाल्टचे बारीक कण, खडकाच्या पोकळ्यांतून सुटलेले झिओलाइट व गारगोटीचे तुकडे, लोहयुक्त काळे कण आणि चुनखडीचे खडे दिसतात. हे द्रव्य निवडून वेगळे करण्याचे काम नदी करते. पूर काठावरून ओसंडला की पाण्याचा वेग एकदम मंदावतो. जड कण काठाशीच खाली बसतात आणि हलकी चिकण माती दूरवर वाहत जाऊन सावकाश स्थिरावते. यामुळे ऐन काठाला दुमट पट्टी व तिच्यामागे काळी, असा क्रम सिद्ध होतो.

दोहोंच्या गुणधर्मांत मोठे अंतर आहे. चिकण जमिनीत पाणी मुरण्याचा वेग तासाला साधारणपणे १ ते ५ मिलिमीटर असतो. वाळुमिश्रित दुमटीत तो २० ते ३० मिलिमीटर असतो. काळी जमीन पाणी साठवून ठेवते, परंतु भिजली असता नांगर चालू देत नाही आणि वाळली असता भेगाळते. मळई पाणी थोडे धरते, पण ते पिकांस सहज देते. पावसानंतर लवकर वाफशावर येते आणि मुळांना खोलवर शिरू देते. तिचा उभा छेद घेतला असता वाळू, गाळ आणि चिकण यांचे एकावर एक थर दिसतात. प्रत्येक थर म्हणजे एकेका पुराची नोंद होय. जमीन मुरून तिचे थर एकजीव होण्यापूर्वीच पुढचा पूर तीवर नवा थर घालीत असल्यामुळे ही मृदा सदैव तरुण राहते. तिची सुपीकता तिच्या वयात नसून तिच्या नूतनीकरणात आहे.

सभोवतालचा प्रदेश ध्यानात घेतला म्हणजे या गुणाचे महत्त्व कळते. जिल्ह्याचे सरासरी पर्जन्यमान सुमारे ९०० मिलिमीटर असले तरी बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चारच महिन्यांत पडतो. उत्तरेस जिंतूरकडील डोंगरउतारांवर आणि दक्षिणेस गंगाखेडपलीकडील बालाघाटाच्या मुरमाड जमिनीवर पवन्या, मारवेल व कुसळी यांसारख्या गवतांची माळराने आहेत. १९७३ साली दाबडघाव व शंकरनारायण यांनी भारतातील गवताळ प्रदेशांचे जे वर्गीकरण प्रसिद्ध केले त्यात दख्खनचा समावेश याच गवतांच्या गटात होतो. हिवाळा सरता सरता ही राने वाळून पिवळी पडतात. अशा वेळी उथळ भूजलामुळे ओलावा टिकून राहते ती नदीकाठची पट्टी. माळ, काळी आणि मळई या तिहींचा परस्परांस आधार असे. त्यांतील एकीचा इतिहास दुसरीस वगळून सांगता येत नाही.

काळीचे माप

आपल्या भाषेतच काळीचे प्रभुत्व दिसून येते. गावाची वस्ती ती पांढरी आणि गावाची शेतजमीन ती काळी, असा भेद मराठी मुलखात रूढ आहे. जमिनीचा रंग हेच जेथे शेतीचे नाव झाले, तेथे निराळ्या रंगाची व पोताची जमीन अपवाद ठरावी हे स्वाभाविक होय.

हीच दृष्टी महसुली पाहणीत शास्त्राचे रूप घेऊन आली. मुंबई इलाख्यात विंगेट व गोल्डस्मिड यांच्या पद्धतीस १८४७ च्या संयुक्त अहवालाने निश्चित रूप मिळाले. तीत जमिनीची प्रतवारी रंग, पोत आणि खोली यांवरून नऊ वर्गांत केली जात असे. पावणेदोन हात खोलीची, एकसारख्या पोताची काळी जमीन ती सोळा आण्यांची. तेथून उतरत उतरत दोन आण्यांपर्यंत. या वर्गांखेरीज दोषांची एक यादी होती, आणि दोष आढळला की जमीन खालच्या वर्गात जाई. त्या यादीत चुनखड आणि उतार यांबरोबर वाळूचे मिश्रण व वाहत्या पाण्याखाली जाण्याची शक्यता हेही दोष गणलेले होते. म्हणजे मळईस मळईपण देणाऱ्या दोन्ही गोष्टी, वाळू आणि पूर, पाहणीदाराच्या लेखी उणिवाच होत्या.

परभणी त्या काळी निजामाच्या राज्यात होती. सालारजंग पहिले यांच्या दिवाणगिरीत (१८५३ ते १८८३) जिल्हाबंदी झाली, आणि पुढे मराठवाड्यात जी जमीनपाहणी झाली तिचा पाया मुंबईची रयतवारी पद्धत हाच होता. या मापास अन्यायाचे म्हणणे सर्वस्वी उचित होणार नाही. दोष मानल्याने आकारणी हलकी होई, आणि पुराची जोखीम पत्करणाऱ्या कुळास ते सोयीचेच होते. परंतु एखाद्या जमिनीचे मोल तिच्या उणिवांतूनच नोंदले गेले, तर ती नष्ट होताना काय गमावले हे दप्तरावरून समजत नाही. निजाम सरकारने १९१८ साली परभणीस प्रयोगक्षेत्र काढले. तेथील संशोधनाचा ओघही प्रामुख्याने कापूस व ज्वारी या काळ्या जमिनीच्या पिकांकडे राहिला.

वहिवाट

दप्तराबाहेर मात्र मळईस स्वतःची रीत होती. पूर ओसरल्यावर वर आलेल्या ओल्या गाळात पेरणी करावयाची, नांगरणी शक्य तितकी टाळावयाची, आणि जमिनीच्या अंगच्या ओलीवर पीक काढावयाचे. वरच्या पट्टीत भाजीपाला, मिरची, भुईमूग. खाली उघड्या पात्रात टरबूज, खरबूज व काकडीच्या वाड्या. अशा वाड्या करण्याचे कौशल्य विशेषेकरून भोई समाजाचे. हिवाळ्यात वाळूत खड्डे घेऊन त्यांत शेणखत भरावयाचे, बी टोकावयाचे आणि उन्हाळ्यात फळे बाजारात न्यावयाची, असा हा क्रम असे. पुढल्या पुरात वाडी पुसली जाई, आणि पुन्हा जी वर येई ती नेमकी तीच जमीन नसे. येथे हक्क भूखंडावर नसून ऋतूवर होता. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमात मळईने वाढलेल्या आणि पाण्याने वाहून गेलेल्या जमिनींसंबंधी वेगळ्या तरतुदी आहेत. भूमापनाच्या स्थिर रेषेस नदीच्या चंचलतेची दखल घ्यावी लागली, याचा हा पुरावा होय.

प्रवाह अडविल्यानंतर

पूर्णेवर जिंतूर तालुक्यात येलदरी धरण १९६८ च्या सुमारास पुरे झाले. पैठण येथे गोदावरीवरील जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचे उद्‌घाटन झाले. त्याच्या २०८ किलोमीटर लांबीच्या डाव्या कालव्याने परभणीच्या काळ्या जमिनीस पाणी दिले. १९७२ च्या दुष्काळाची आठवण ताजी असताना या पाण्याचे मोल किती वाटले असेल, हे सांगावयास नको. परंतु धरण पाण्याबरोबर गाळही अडविते. त्यानंतर ढालेगाव, मुदगल, दिग्रस येथे उच्च पातळीचे बंधारे झाले, आणि पूर्वी उन्हाळ्यात उघडे पडणारे पात्र अनेक ठिकाणी बारमाही जलाशय बनले. वाड्यांची जागा पाण्याखाली गेली. उरलेल्या पात्रातील वाळू बांधकामासाठी उपसली जाऊ लागली. वाळू गेल्याने पात्र खोल जाते, काठ ढासळतो, आणि काठ ढासळला की जाते ती मळईच.

मोठे पूर मात्र थांबले नाहीत. ऑगस्ट २००६ मध्ये आणि सप्टेंबर २०२५ मध्ये गोदाकाठाने ते अनुभवले. लहान व मध्यम पूर, जे गाळ आणून टाकीत, ते धरणांत अडतात. जे सुटतात ते मोठे, आणि ज्यांतील बराच गाळ वरच्या जलाशयांत राहिलेला असतो असे. गाळ कमी असलेले वेगवान पाणी काठ भरीत नाही, खरडते. ‘खरडून गेलेली जमीन’ हा शब्दप्रयोग आज सरकारी मदतीच्या आदेशांत नित्याचा झाला आहे. ‘मळईने भरलेली जमीन’ हा मात्र क्वचितच कानी पडतो. पूर तोच, नदी तीच. परंतु देणे आणि घेणे यांचा तोल पालटला.

धरणे नसती तर बरे झाले असते, असा याचा अर्थ नाही. काळीस जे लाभले ते लहान नव्हे. परंतु ते लाभताना मळईकडून काय घेतले गेले, हे खात्यावर मांडलेले नाही, कारण सोळा आण्यांच्या मोजपट्टीवर त्या जमिनीची खरी किंमत उमटतच नव्हती. गाळाचे जे थर आज काठाच्या कड्यांत उघडे दिसतात, ते या प्रदेशाचे सर्वांत जुने दप्तर होय. काठ ढासळण्यापूर्वी गावोगावी त्यांचे छेद मोजले जावेत, आणि वाड्या करणाऱ्या वृद्धांकडून पुराची व पेरणीची माहिती टिपून घेतली जावी. जी जमीन पुन्हा घडणार नाही, तिची निदान नोंद तरी यथार्थ असावी.