डबा क्रमांक 2419 डी

(युद्धविरामाचा डबा, काँप्येनचा डबा). वागों-ली कंपनीची सागवानी डायनिंग कार. बांधणी 1914, सँ-दनी (पॅरिसजवळ). नाश 1945, थुरिंगिया (जर्मनी). पहिले महायुद्ध थांबवणाऱ्या करारावर 11 नोव्हेंबर 1918 रोजी आणि फ्रान्स-जर्मनी युद्धविरामावर 22 जून 1940 रोजी याच डब्यात सह्या झाल्या. काँप्येनच्या जंगलातील संग्रहालयात आज जो डबा उभा आहे तो हा नव्हे. तो याच मालिकेतला याचा भाऊबंद असून त्याचा मूळ क्रमांक 2439 डी आहे.

बांधणी : बेल्जियन उद्योजक जॉर्ज नागेलमाकर्स याने उभारलेल्या वागों-ली कंपनीचा धंदा मोठा चतुर होता. रूळ सरकारचे नाहीतर खासगी रेल्वे कंपन्यांचे, इंजिनेही त्यांचीच. वागों-ली फक्त आपले शयन आणि भोजनाचे डबे त्यांच्या गाड्यांना जोडून देई आणि प्रवाशांकडून जादा आकार घेई. ओरिएंट एक्स्प्रेस याच कंपनीची. त्यामुळे 2419 डी हा ओरिएंट एक्स्प्रेसचा डबा होता, असे पुष्कळ ठिकाणी छापलेले आढळते. मालक एक, एवढेच त्यात खरे. या डब्याची नोकरी फ्रान्समधल्या देशांतर्गत मार्गांवर झाली.

त्या काळच्या रिवाजाप्रमाणे डब्याचे अंग सागवानी फळ्यांचे होते. वर वॉर्निशचा हात आणि बाजूला कंपनीच्या नावाची ठळक अक्षरे. एका टोकाला स्वयंपाकघर, बाकीच्या भागात खिडक्यांना लागून टेबले. सागवान दिसायला देखणे आणि टिकाऊ, पण अपघातात लाकडी डब्यांचा चुराडा होई आणि आग लागली की आटोपणे अवघड जाई. युद्धानंतर कंपनीने पोलादाचा रस्ता धरला. तिचे पहिले पोलादी शयनडबे 1922 मध्ये इंग्लंडच्या लीड्स फोर्ज कारखान्यातून आले आणि निळ्या-सोनेरी रंगात पॅरिसहून रिव्हिएराकडे धावू लागले. (बार्शी लाइट रेल्वेच्या गाड्यांचे दाबीव पोलादाचे सांगाडेही याच लीड्स फोर्जने केले होते, आणि तेही पंचवीस वर्षे आधी. महाराष्ट्रातील वाचकाने ही गोष्ट लक्षात ठेवायला हरकत नाही.) म्हणजे 2419 डी जन्मला तेव्हाच त्याच्या जातीचे दिवस भरत आले होते.

प्रवासी सेवा : जून 1914 पासून पॅरिसहून पश्चिमेकडे, ब्रिटनीच्या दिशेला जाणाऱ्या गाड्यांवर, युद्ध सुरू होताच सेवेत खंड.

लष्करी वापर : फ्रेंच सैन्याने 1918 मध्ये हा डबा ताब्यात घेतला आणि सेनापती फर्दिनां फॉश याच्या फिरत्या कचेरीसाठी तो बदलून घेतला. जेवणाची टेबले काढून मधोमध एक लांबरुंद टेबल मांडले, नकाशे पसरायला आणि माणसांना समोरासमोर बसायला पुरेल असे. ही कचेरी ऑक्टोबरअखेर वापरात आली, म्हणजे इतिहासात शिरण्याआधी तिला जेमतेम दोन आठवडे मिळाले.

जागा निवडली तीही रेल्वेच्या सोयीने. काँप्येनच्या जंगलात, रतोंद गावाजवळ, रुळांवरून चालणाऱ्या अवजड तोफांसाठी सायडिंगे टाकलेली होती. आडबाजूची, झाडीत दडलेली आणि मुख्य मार्गाला जोडलेली. एका रुळावर फॉशची गाडी लागली, तर शेजारच्या रुळावर 8 नोव्हेंबरच्या सकाळी जर्मन शिष्टमंडळाची. जर्मनांसाठी आणलेल्या गाडीत तिसऱ्या नेपोलियनच्या काळातले एक सलून होते असे सांगतात. जर्मनांकडून हरलेल्या सम्राटाच्या सलूनमध्ये हरलेल्या जर्मनांना बसवणे हा योगायोग होता की खोचकपणा, यावर एकमत नाही.

माटियास एर्त्सबर्गर हा जर्मन शिष्टमंडळाचा प्रमुख. समोर फॉश, त्याचा साहाय्यक व्हेगाँ आणि ब्रिटिश आरमाराचा ॲडमिरल वेमिस. अमेरिकेचा प्रतिनिधी कोणी नव्हता. तीन दिवस बोलणी चालली. फॉशला घासाघीस करायचीच नव्हती, म्हणून त्यांना बोलणी म्हणायचे इतकेच. 11 तारखेला पहाटे पाचच्या सुमारास सह्या झाल्या आणि सकाळी अकरा वाजता तोफा थांबल्या. आत सही होत असतानाचे एकही छायाचित्र नाही. जगभर छापले गेलेले छायाचित्र डब्याबाहेरचे आहे : पायऱ्यांजवळ उभी असलेली दोस्तांची मंडळी आणि त्यांच्या मागे डबा.

करारातील कलमांची चर्चा इतरत्र झालेलीच आहे. रेल्वेच्या दृष्टीने सातवे कलम महत्त्वाचे. जर्मनीने 5,000 इंजिने आणि 1,50,000 वाघिणी चालू स्थितीत, लागणाऱ्या सुट्या भागांसह, 31 दिवसांत हवाली करायच्या होत्या. आल्सास-लोरेनचे रेल्वेजाळे, तिथला कर्मचारीवर्ग आणि साहित्यही द्यायचे होते. मूळ मसुद्यात मुदत याहून कमी होती. ती वाढवून मिळाली हे एर्त्सबर्गरच्या मोजक्या यशांपैकी एक. जर्मन रेल्वे चार वर्षांच्या युद्धाने आधीच खिळखिळी झाली होती. चालू स्थितीतली इंजिने वेळेत पुरी पडेनात, म्हणून युद्धविरामाची मुदत वाढवताना हाच विषय पुन्हा निघाला. मुदतवाढीच्या या सह्या डिसेंबर 1918 ते फेब्रुवारी 1919 दरम्यान ट्रियर येथे, फॉशच्याच गाडीत झाल्या. एका डायनिंग कारच्या टेबलावर दीड लाख वाघिणींचा हिशेब मांडला गेला, हे राजकीय इतिहास लिहिणारे सहसा सांगत नाहीत.

जतन, 1919–1940 : सप्टेंबर 1919 मध्ये डबा कंपनीला परत मिळाला. काही काळ तो पुन्हा डायनिंग कार म्हणून धावला, असे बहुतेक नोंदी सांगतात. मग तो फ्रेंच सरकारकडे गेला आणि एप्रिल 1921 ते एप्रिल 1927 पॅरिसमध्ये, सैनिकी संग्रहालयाच्या म्हणजे अँव्हालीदच्या अंगणात उघड्यावर उभा राहिला. सागवान झाले तरी सहा पावसाळी-हिवाळी वर्षे छपराविना काढल्यावर काय होणार? फळ्यांचे सांधे उलतात, वॉर्निश पापुद्र्यांनी सुटते आणि पाणी आत शिरले की खिळ्यांभोवती काळे डाग पडू लागतात. लाकडी डबा उघड्यावर ‘जतन’ करण्याचा हा प्रकार नंतर जगभर अनेक ठिकाणी झाला आणि सगळीकडे त्याचा शेवट दुरुस्तीच्या मोठ्या बिलात झाला.

इथे ते बिल अमेरिकेतून भागले. कॅलिफोर्नियातील पॅसाडीना येथील लाकूडव्यापारी आर्थर फ्लेमिंग याने डब्याची दुरुस्ती आणि त्याच्यासाठी बंदिस्त इमारत यांचा खर्च उचलला. डबा जंगलात परत आणण्याची मागणी काँप्येनच्या नगराध्यक्षाने लावून धरली होतीच. जंगलातली ती मोकळी जागा 1922 पासून स्मारक झाली होती. 11 नोव्हेंबर 1927 रोजी डबा तिथे परतला. रुळांवरचे मूळ स्थान दगडाने दाखवले होते, डबा मात्र थोड्या अंतरावर छपराखाली ठेवला. जतनाच्या दृष्टीने हा निर्णय शहाणपणाचा होता. डब्याच्या आयुष्यातला सर्वांत निवांत काळ हाच, तेरा वर्षांपेक्षा थोडा कमी.

1940 : जून 1940 मध्ये जर्मन सैनिकांनी संग्रहालयाची भिंत फोडून डबा बाहेर ओढला आणि 1918 च्या नेमक्या जागी नेऊन उभा केला. 21 जूनला हिटलर आत जाऊन फॉशच्या जागी बसला, प्रस्तावना वाचून होताच उठून गेला आणि पुढचे काम जर्मन जनरल कायटेलवर सोपवले. दुसऱ्या दिवशी फ्रान्सतर्फे जनरल हुंत्सिगेर याने सही केली. अमेरिकन वार्ताहर विल्यम शायरर याने जागेवरूनच रेडिओवर बातमी सांगितली. त्यानंतर स्मारक उद्ध्वस्त करण्यात आले. फॉशचा पुतळा तेवढा ठेवला. ओसाड जागेकडे त्याने बघत राहावे हा हेतू असल्याचे म्हणतात.

शेवट : डबा बर्लिनला नेऊन लुस्टगार्टेन चौकात लोकांना दाखवण्यात आला. हवाई हल्ले वाढल्यावर तो तिथून हलवला. थुरिंगियातील रूला आणि नंतर ओर्डरुफजवळचे क्राविंकेल ही त्याची शेवटची ठिकाणे. अमेरिकन सैन्य जवळ आल्यावर 1945 च्या वसंतात एसएसने तो जाळला, हे मत सर्वसाधारणपणे मान्य आहे. तो त्याआधीच हवाई हल्ल्यात सापडला, असेही काही साक्षीदारांचे म्हणणे होते. अंडरफ्रेम लोखंडी असल्याने ती वाचली आणि पुढे पूर्व जर्मन रेल्वेने वापरली, अशीही एक कथा आहे. अशक्य काही नाही, कारण युद्धोत्तर जर्मनीत चालण्याजोगी अंडरफ्रेम कोणी फुकट टाकून देत नसे. पण पुरावा भक्कम म्हणता येत नाही. क्राविंकेलहून मिळालेले काही धातूचे अवशेष आता काँप्येनच्या संग्रहालयात आहेत.

पर्यायी डबा : वागों-ली कंपनीने त्याच मालिकेतील 2439 डी हा डबा दिला. हाही फॉशच्या गाडीत जोडलेला होता, असे संग्रहालयाकडून सांगण्यात येते. आतली मांडणी 1918 प्रमाणे करून, बाहेर 2419 डी हा क्रमांक घालून, 11 नोव्हेंबर 1950 रोजी तो नव्या इमारतीत ठेवण्यात आला. 10 नोव्हेंबर 2018 रोजी एमॅन्युएल माक्रों आणि अँगेला मेर्केल या डब्यात शेजारी शेजारी बसले. 1918 ला आणि 1940 ला माणसे समोरासमोर बसली होती, त्यामुळे बैठकीची ही बदललेली मांडणी वृत्तपत्रांच्या नजरेतून सुटली नाही.

रेल्वेवारशाच्या अभ्यासकाला मात्र इथे एक गोष्ट खटकते. 2439 डी ही 1914 च्या आसपासची अस्सल सागवानी डायनिंग कार आहे आणि असे डबे आता फार थोडे उरले आहेत. दुसऱ्याचा क्रमांक अंगावर वागवत तिने सात दशके काढली. तिचा स्वतःचा सेवाइतिहास कोणत्याही कोशात सापडत नाही. अवशेष आणि पर्यायी डबा एकाच छताखाली असताना बाहेरच्या अंगावर खरा क्रमांक लिहायला काहीच अडचण नसावी.