आराखडा आणि व्याकरण



पुण्याहून मुंबईच्या रस्त्याला लागले, खडकी-दापोडी मागे टाकली, की पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, निगडी अशी गावे एकामागून एक येतात. गावे म्हणायची ती सवयीने. आता गाव कोठे संपते आणि कारखाना कोठे सुरू होतो, हे सांगणे कठीण आहे. या पट्ट्यातल्या एका कारखान्यात काही वर्षांपूर्वी जाण्याचा योग आला होता. आत शिरताच भिंतीवर एक सुबक रंगवलेला फलक दिसला. त्यावर लिहिले होते, ‘कार्यरत अवस्थेतील यंत्राचे संरक्षक आवरण निष्कासित करणे निषिद्ध आहे.’ माझ्याबरोबर एक तरुण कामगार होता. त्याला विचारले, ‘काय रे, याचा अर्थ काय?’ तो हसून म्हणाला, ‘काहीतरी सरकारी असेल, साहेब.’ पण चार पावलांवर, त्याच यंत्राच्या अंगावर कोणा जुन्या फिटरने खडूने लिहून ठेवले होते, ‘मशीन चालू असताना गार्ड काढू नका.’ ते त्याला पाठ होते.

पहिल्या फलकात व्याकरणाची एकही चूक नाही. दुसऱ्यातही नाही. मग फरक कशाचा? पहिला फलक लिहिणाऱ्याने शब्दकोशाकडे पाहिले होते आणि दुसऱ्याने यंत्रापुढे उभ्या राहणाऱ्या माणसाकडे. वस्तू घडवणे, तिचा आराखडा काढणे आणि तिच्याविषयी लिहिणे या गोष्टी आपण निरनिराळ्या खात्यांत टाकतो. त्या एकाच कामाचे भाग आहेत, आणि ही समज आपल्याकडे नवी नाही, हे आज थोड्या इतिहासाच्या आधाराने सांगावयाचे आहे.

समर्थ रामदासांच्या दासबोधात एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. परमार्थाच्या ग्रंथात समर्थ चक्क अक्षर कसे काढावे हे सांगत बसले आहेत. अक्षर वाटोळे, सरळ आणि मोकळे असावे, ओळींमधले अंतर पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखे असावे, कागदाच्या कडेला जागा सोडावी, असा त्यांचा आग्रह आहे. तरुणपणाच्या डोळ्यांच्या भरवशावर फार बारीक लिहू नये, कारण म्हातारपणी ते उपयोगी पडत नाही, हेही त्यांनी बजावले आहे. आजचा मांडणीकार याहून वेगळे काय सांगतो? लिहिणाऱ्याची सोय बाजूला ठेवून वाचणाऱ्याची सोय पाहावी, हेच या समासाचे सार आहे.

त्याच काळात, राज्याभिषेकाच्या सुमारास, शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून राज्यव्यवहारकोश तयार झाला. सुमारे १३८० फारसी-अरबी शब्दांना त्यात संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत. राज्य चालवायचे तर त्याच्या परिभाषेचीही घडी बसवावी लागते, ही जाणीव त्यामागे होती. पण त्यातले काही शब्द रुळले आणि पुष्कळसे रुळले नाहीत. लोकांच्या तोंडी बसलेले शब्द हुकमाने उठत नाहीत, हा धडाही त्याच कोशाने आपल्याला दिला.

दप्तरातला व्यवहार मात्र मोडीत चाले. मोडी ही लिहिणाऱ्याच्या सोयीची लिपी. आधी ओळभर रेघ ओढून घ्यायची आणि लेखणी फारशी न उचलता खाली अक्षरे सोडीत जायचे. शब्दाशब्दांत अंतर नाही, विरामचिन्हे नाहीत, इकार-उकारांत ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही. कारकुनाचा वेग वाढला, पण तिऱ्हाईताने तो कागद वाचायचा म्हणजे घाम फुटे. उलट जिला आपण बाळबोध म्हणतो तिच्या नावातच, पोरालाही बोध व्हावा, अशी अपेक्षा आहे. छापखाने आले तेव्हा या दोन लिप्यांपैकी एक निवडण्याचा प्रश्न उभा राहिला. बंगालमधल्या श्रीरामपूर येथे विल्यम कॅरे यांनी पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने १८०५ साली मराठीचे व्याकरण छापले. १८१० सालचा कॅरे यांचा मराठी कोश मोडीत छापला गेला. पुढे मात्र छापील मराठीने बाळबोधच पत्करली. एकाने लिहायचे आणि हजारांनी वाचायचे, असा मामला झाला की वाचणाऱ्याच्या बाजूची लिपीच टिकते.

एकोणिसाव्या शतकाने मग या पायावर इमारत रचली. १८३१ साली मोल्सवर्थ यांचा कोश निघाला. १८३६ साली दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण प्रसिद्ध झाले. मेजर थॉमस कँडी यांनी विरामचिन्हे आपल्या गद्यात रुळवली. स्वल्पविराम, पूर्णविराम या गोष्टी आज आपल्याला श्वासाइतक्या सहज वाटतात, परंतु त्या कोणीतरी मुद्दाम आणून बसवल्या आहेत. मुंबईला जावजी दादाजींनी निर्णयसागर छापखाना काढला आणि त्याचे देखणे टाइप देशभर नावाजले गेले. म्हणजे कोश, व्याकरण, विरामचिन्हे आणि अक्षराचे रूप ही चारही अंगे शंभर वर्षांच्या आतच तयार झाली.

आता यंत्राकडे वळू. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केली आणि १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली. त्यांच्या लोखंडी नांगराला शेतकरी प्रथम हात लावीना. लोखंडाने जमीन नासते, असा समज होता. नांगर चांगला असून भागेना. तो कसा धरावा, कसा चालवावा आणि त्याने जमीन का नासत नाही, हे शेतकऱ्याला त्याच्याच भाषेत सांगावे लागे. १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली ती कारखान्याचे आणि गिऱ्हाइकांचे दळणवळण राखणारे पत्रक म्हणून. पुढे त्याचेच मराठीतले एक नामांकित मासिक झाले. मराठी नियतकालिकांच्या इतिहासातले हे एक मानाचे पान नांगराच्या फाळाने उघडले, हे विसरू नये. नांगर विकणाऱ्याला सोपे मराठी लिहावेच लागले, कारण न समजलेला नांगर शेतकरी घेत नाही.

पिंपरी-चिंचवडची गोष्ट यानंतरची. चिंचवड हे मोरया गोसावींचे गाव. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला आणि पुढल्याच वर्षी तेथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघाले आणि भोसरी-चिंचवडच्या माळावर कारखान्यांची रांग लागली. १९७० साली येथे नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका झाली. पुढे ही वस्ती इंद्रायणीपलीकडे सरकली. ज्या चाकणच्या किल्ल्यात १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी शाएस्तेखानाशी झुंज दिली, त्या चाकणभोवती आज बजाज, महिंद्र, फोक्सवॅगन, मर्सिडीझ-बेन्झ यांच्या मोटारी आणि दुचाक्या तयार होतात.

या कारखान्यांची एक स्वतंत्र भाषा आहे, ती म्हणजे आराखड्याची. तिलाही व्याकरण आहे. जाड अखंड रेघ म्हणजे डोळ्यांना दिसणारी कड. तुटक रेघ म्हणजे आत लपलेली कड. बारीक, लांब-आखूड तुकड्यांची रेघ म्हणजे मध्यरेषा. यांत अदलाबदल केली तर भोक पाडायचे तेथे भरीव राहील. वस्तूचे वरून दिसणारे रूप कागदावर कोठे मांडायचे, याचेही दोन संप्रदाय आहेत. एकात ते समोरच्या रूपाच्या खाली येते, दुसऱ्यात वर. युरोपात पहिली रीत रुळली, अमेरिकेत दुसरी. कोणती रीत धरली आहे हे आराखड्याच्या कोपऱ्यात एका लहानशा चिन्हाने सांगावे लागते. ते चिन्ह राहिले आणि वाचणाऱ्याने उलट रीत धरली, तर उजव्या बाजूचा भाग डाव्या बाजूचा होऊन बाहेर पडण्याचा धोका असतो. मग पोलाद, मजुरी आणि वेळ, सगळेच भंगारात.

रेघांबाबत एवढी काटेकोर असलेली माणसे त्याच कागदावरच्या शब्दांबाबत मात्र बेफिकीर असतात, हे पाहून नवल वाटते. ‘फिरताना हात लावू नये’ अशी सूचना घ्या. फिरताना कोण? चाक की माणूस? शाळेत गुरुजींनी सांगितलेला कर्ता येथे हरवला आहे. ‘चाक फिरत असताना त्याला हात लावू नका’ असे म्हटले, की कसलाही घोटाळा उरत नाही. दुसरे उदाहरण. ‘यंत्र थांबवून गार्ड काढावा’ आणि ‘गार्ड काढून यंत्र थांबवावे’ या दोन वाक्यांत शब्द जवळपास तेच आहेत. परंतु मराठीत ‘ऊन’ प्रत्ययाची क्रिया आधी घडते. तो प्रत्यय एका क्रियापदावरून दुसऱ्यावर सरकला, तर माणसाची बोटे जाऊ शकतात.

मराठीची बलस्थानेही ध्यानात घेण्यासारखी आहेत. ‘पट्टा चाकावरून निघाल्यास तो तपासावा’ या वाक्यात ‘तो’ म्हणजे पट्टाच, कारण चाक ‘ते’ आहे. आपण ज्याला किचकट लिंगविचार म्हणतो, तो येथे कामाला येतो. ‘तापमान दाब वाढवते’ या वाक्यात कोण कोणाला वाढवते, हे क्रियापदाच्या रूपावरून कळते. परंतु ‘पाणी तेल ढकलते’ म्हटले, की दोन्ही नपुंसकलिंगी आणि दोन्ही निर्जीव, म्हणून कर्मालाही प्रत्यय नाही. आता अर्थ केवळ शब्दांच्या क्रमावर तोलून राहिला. अशा जागी लिहिणाऱ्याने थांबून ‘पाण्यामुळे तेल पुढे ढकलले जाते’ असे उलगडून लिहावे. भाषा कोठे आपल्याला सांभाळते आणि कोठे आपण तिला सांभाळायचे, हे कळणे म्हणजेच व्याकरण येणे.

मग शब्द कोणते वापरावेत? याबाबत आपल्याकडे दोन टोके आहेत. एकजण म्हणतो, सगळे संस्कृत करा. दुसरा म्हणतो, इंग्रजीच ठेवा. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले आणि परिभाषेचे मोठे काम सुरू झाले. १९६२ साली साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या नियमांना सरकारने मान्यता दिली आणि निरुच्चारित अनुस्वारांचा भार उतरला. १९६४ साली मराठीला राजभाषा ठरवणारा कायदा झाला. या कामाचे मोल मोठे आहे. परंतु कारखान्यातल्या माणसाने आपली परिभाषा आधीच घडवली होती. नट, बोल्ट, पाना, छिन्नी, कानस, गार्ड, पट्टा यांत इंग्रजी आणि देशी शब्द शेजारी नांदतात. त्याने परक्या शब्दालाही मराठी लिंग आणि विभक्ती दिली. ‘बोल्टाला पाना लाव’ हे चोख मराठी वाक्य आहे. शब्द कोठून आला यापेक्षा तो वाक्यात नीट बसला की नाही, हे पाहणे अधिक महत्त्वाचे.

कोणी म्हणेल, हे सारे मास्तरी बोलणे झाले. पण कायद्यानेही याची दखल घेतलेली आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याने घालून दिले होते, की कारखान्यातल्या सूचना इंग्रजीबरोबर बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत, प्रवेशद्वाराजवळ ठळक जागी लावाव्यात आणि त्या स्वच्छ व वाचनीय स्थितीत ठेवाव्यात. १९८४ साली डिसेंबरच्या एका रात्री भोपाळला विषारी वायू पसरला आणि हजारो माणसे गेली. त्यानंतर १९८७ साली कायद्यात दुरुस्ती झाली. आपण कोणत्या धोक्याच्या पदार्थाशी काम करतो, हे कामगारांना आणि आसपासच्या वस्तीला सांगण्याची जबाबदारी धोक्याच्या कारखान्यांच्या चालकांवर आली. सांगणे बंधनकारक झाले. परंतु कळेल असे सांगणे कायद्याच्या कलमाने साधत नाही. ते लिहिणाऱ्याच्या मनात असावे लागते.

आणि आज हे काम अधिक अवघड झाले आहे. चाकण-भोसरीच्या पाळ्यांत मराठवाड्याचा मुलगा असतो, विदर्भाचा असतो, बिहार आणि ओडिशाचाही असतो. त्यांच्यातल्या कित्येकांना मराठी ही शिकून घेतलेली भाषा आहे. अशा माणसासाठी लिहिताना वाक्य आखूड हवे, कर्ता उघड हवा आणि घडायच्या क्रमानेच क्रिया यायला हव्यात. ‘न केल्यास होणार नाही असे नाही’ असली दुहेरी नकाराची वाक्ये तर कटाक्षाने टाळावीत. एक साधी कसोटी सांगतो. सूचना लिहून झाली की ती आपल्या वरिष्ठाला न दाखवता त्या यंत्रावर काल रुजू झालेल्या पोराला वाचायला द्यावी आणि म्हणावे, ‘आता यात काय करायला सांगितले आहे ते मला करून दाखव.’ तो जेथे अडखळेल तेथे चूक आपली आहे, त्याची नव्हे.

त्या कारखान्यातल्या फिटरने व्याकरणाचे पुस्तक कधी उघडले असेल की नाही, कोण जाणे. पण कोणासाठी लिहायचे हे त्याला पक्के ठाऊक होते. म्हणून त्याच्या खडूच्या ओळीत कर्ता, काळ आणि निषेध सारे आपापल्या जागी बसले. रंगवलेला फलक अजून तेथे असेल. खडूची ओळ केव्हाच पुसली गेली असेल. आराखडे काढणाऱ्या आणि फलक लिहून घेणाऱ्या मंडळींना माझी विनंती एवढीच आहे, की पुढच्या वेळी रंगाऱ्याला बोलावण्यापूर्वी त्या फिटरला बोलवावे, आणि रंग त्याच्या ओळीला द्यावा.