मस्की रॉड

मस्की रॉड हा मस्केलंज (संक्षेपाने मस्की) या गोड्या पाण्यातील मोठ्या भक्षक माशाला कृत्रिम आमिषाने पकडण्यासाठी वापरला जाणारा गळाचा रॉड आहे. त्याचा वापर प्रामुख्याने अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा उत्तर भाग आणि कॅनडा येथे होतो. नेहमीचा मस्की रॉड जड आमिषांसाठी बनवलेला असतो. हलकी आमिषे फेकण्यासाठी वेगळा रॉड निवडावा लागतो. मात्र मासा लवकर काठाशी किंवा होडीजवळ आणण्याइतकी ताकद त्यातही असणे आवश्यक असते.

== पार्श्वभूमी ==

मस्केलंज (शास्त्रीय नाव: इसॉक्स मॅस्क्विनॉन्जी) हा पाइक कुळातील सर्वांत मोठा मासा आहे. तो ग्रेट लेक्स, सेंट लॉरेन्स नदी, तसेच मिसिसिपी व ओहायो नद्यांच्या खोऱ्यांत आढळतो. १९५५ पासून तो विस्कॉन्सिन राज्याचा अधिकृत राज्यमासा आहे. हा मासा विरळ असून आमिषाचा पाठलाग करूनही अनेकदा ते गिळत नाही. त्यामुळे त्याला 'दहा हजार फेकींचा मासा' असे म्हटले जाते. दिवसभर सतत आमिष फेकावे लागत असल्याने रॉडचे वजन आणि तोल यांना या मासेमारीत विशेष महत्त्व आहे.

== लहान आमिषांचा वापर ==

मस्कीसाठीची प्रचलित आमिषे साधारणपणे ३ ते ८ औंस (सुमारे ८५ ते २२५ ग्रॅम) वजनाची असतात. रबरी आमिषांचे काही प्रकार याहून जड असतात. त्या तुलनेत अर्धा ते २ औंस (सुमारे १४ ते ५७ ग्रॅम) वजनाची आमिषे लहान मानली जातात. फिरत्या पात्यांची छोटी बकटेल, स्पिनरबेट आणि लहान क्रँकबेट हे त्यांतील प्रमुख प्रकार होत. वसंत ऋतूत पाणी थंड असताना, थंड हवेची लाट येऊन गेल्यावर मासे सुस्त झाले असताना आणि सतत मासेमारी होणाऱ्या तलावांत अशी आमिषे वापरली जातात.

== निवडीचे निकष ==

=== आमिषाची वजनमर्यादा ===

रॉडच्या मुठीजवळ तो किती वजनाच्या आमिषासाठी योग्य आहे हे छापलेले असते. आमिष फेकताना हात मागे नेला की आमिषाच्या वजनाने रॉड वाकतो आणि पुढे येताना सरळ होत आमिषाला वेग देतो. आमिष फार हलके असल्यास रॉड पुरेसा वाकत नाही. अशा वेळी सगळा जोर हातालाच लावावा लागतो, फेक तोकडी पडते आणि रिळावर दोरीचा गुंता होतो. म्हणून लहान आमिषांसाठी रॉड निवडताना छापील मर्यादेचा वरचा आकडा नव्हे, तर खालचा आकडा आधी पाहतात. ३ ते ८ औंसांचा रॉड १ औंसाच्या आमिषाला निरुपयोगी ठरतो. अर्धा ते २ किंवा १ ते ४ औंसांचा रॉड अधिक उपयुक्त असतो. बास माशासाठी बनवलेले जड वर्गातील रॉडही या कामी वापरले जातात.

=== ताकद आणि ॲक्शन ===

'ताकद' म्हणजे रॉडला वाकवण्यासाठी लागणारा जोर, तर 'ॲक्शन' म्हणजे तो कोणत्या भागात वाकतो याचे वर्णन. फास्ट ॲक्शनचा रॉड मुख्यतः टोकाकडे वाकतो; मॉडरेट ॲक्शनचा रॉड मध्यापर्यंत वाकतो. लहान आमिषांचे गळ तुलनेने बारीक तारेचे असतात. फार ताठ रॉडने झटका दिल्यास ते सरळ होण्याची किंवा माशाच्या तोंडातून निसटण्याची शक्यता असते. त्यामुळे टोक लवचीक आणि मुठीकडील भाग भक्कम असलेला, मध्यम-जड किंवा जड वर्गातील रॉड सोयीचा ठरतो.

=== लांबी ===

साडेसात ते साडेआठ फूट लांबीचे रॉड सर्वसाधारण आहेत. लांब रॉडमुळे फेक दूर जाते. शिवाय, मस्की अनेकदा होडीपर्यंत आमिषाचा पाठलाग करत असल्याने प्रत्येक फेकीच्या शेवटी आमिष पाण्यात इंग्रजी आठच्या आकड्यासारखे फिरवण्याची पद्धत आहे. रॉड लांब असल्यास ही वळणे रुंद घेता येतात आणि मोठ्या माशाला वळायला जागा मिळते.

=== रीळ, दोरी व लीडर ===

हलक्या आमिषांसाठी आकाराने लहान, सहज फिरणारे बेटकास्टिंग रीळ वापरतात. जड आमिषांसाठीच्या ८० पाउंड (सुमारे ३६ किलो) क्षमतेच्या विणलेल्या दोरीऐवजी ५० ते ६५ पाउंडांची दोरी चालते. मस्कीचे दात तीक्ष्ण असल्याने दोरी आणि आमिष यांच्यामध्ये तारेचा किंवा जाड फ्लुओरोकार्बनचा लीडर मात्र आवश्यक असतो. जड तारेमुळे छोट्या आमिषाची पाण्यातील हालचाल बिघडू शकते, म्हणून त्यासोबत हलका लीडर निवडतात.

== माशाची सुरक्षितता ==

पकडलेली मस्की जिवंत सोडून देण्याची प्रथा रूढ आहे. मिनेसोटा राज्यातील बहुतांश तलावांत ५४ इंचांपेक्षा (सुमारे १३७ सेंमी) लहान मस्की ठेवण्यास मनाई आहे. रॉड कमकुवत असल्यास माशाशी झुंज लांबते आणि तो अतिश्रमाने थकतो. असा मासा पोहत निघून गेल्यावरही मरू शकतो. कोमट पाण्यात विरघळलेला प्राणवायू कमी असल्याने हा धोका वाढतो. पाण्याचे तापमान सुमारे ८०° फॅरनहाइटच्या (२७° सेल्सिअस) वर गेल्यास अनेक मासेमार मस्कीची मासेमारी थांबवतात. त्यामुळे आमिष लहान असले, तरी रॉडची ताकद आमिषावरून नव्हे तर माशाच्या आकारावरून ठरवली जाते. मोठे जाळे, लांब पक्कड आणि गळ कापण्याची कात्री ही साधनेही सोबत ठेवली जातात.

== हे सुद्धा पहा ==

* मस्केलंज
* उत्तरी पाइक
* गळाने मासेमारी