जुन्या रानाचे वय

काही वर्षांपूर्वी फाल्गुनात मी शाळेची सहल कलबुर्गी जिल्ह्यातील चिंचोळीच्या रानात नेली होती. पानगळ झालेली, फांद्या उघड्या. आठवीतला एक मुलगा म्हणाला, “सर, तुम्ही जुनं जंगल म्हणता, मग झाडं एवढी बुटकी कशी?” त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही.

जुने अरण्य म्हटले की पोलंडच्या सीमेवरील बियालोविएझासारखे गगनाला भिडलेले वृक्ष आपल्या मनात येतात. चिंचोळीचे रान कोरड्या पानगळीचे आहे. येथील साग आणि धावडा यांचे खोड कुऱ्हाडीने वा वणव्याने गेले तरी पुष्कळदा बुंधा जिवंत राहतो आणि मृग बरसताच त्यातून नवे धुमारे फुटतात. वीस वर्षांचे दिसणारे झाड त्याहून कितीतरी जुन्या मुळांवर उभे असू शकते. या रानाचे वय उंचीवरून नव्हे, जमिनीखाली मोजावे लागते.

वरची राज्ये मात्र बदलत गेली. बहमनी आले, बिदरला बरीदशाही झाली, पुढे निजामाची राजवट आली. १९४८ साली तीही संपली आणि १९५६ साली हे जिल्हे म्हैसूर राज्यात गेले. बिदरच्या रंगीन महालातील लाकडी खांबांचे कोरीव काम आपण कौतुकाने पाहतो. त्या खांबाआधी उभे असलेले झाड मात्र आपल्या इतिहासाच्या पुस्तकात नाही. मीही ते कधी शिकवले नाही.

१९८० च्या दशकात कर्नाटकात निलगिरीची लागवड फोफावली. २०१७ साली सरकारनेच नव्या लागवडीस बंदी घातली. ओळीने लावलेली झाडे लवकर हिरवी दिसतात खरी. परंतु कुजलेला पाचोळा, पोकळ खोड, तरसाची बीळ ही वर्षाकाठी उभी करता येत नाहीत.

चिंचोळीच्या सुमारे १३४ चौरस किलोमीटर रानास २०११ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. ते योग्यच झाले. पण या रानात लंबाणी तांडे आहेत. त्यांचे सरपण आणि चारा त्यावरच चालतो. अभयारण्याच्या नियमांची त्यांना धास्ती वाटली तर ती खोटी म्हणता येणार नाही. कोणता बुंधा पुन्हा फुटेल आणि कोणता मेला, हे आम्हा मास्तरांपेक्षा त्यांना अधिक कळते. त्या दिवशी मुलाचा प्रश्न मी वाटेतल्या तांड्यावरच्या एखाद्या म्हाताऱ्याला विचारायला हवा होता. आमची बस तेथे थांबली नाही.