टाच, लगाम आणि सुटका

आजची गोष्ट घोड्याची, आणि ती आमच्या जयपूरची.

संस्थानं विलीन झाल्यावर त्यांच्या घोडदळांतून १९५३ साली ग्वाल्हेरला एक नवी रेजिमेंट उभी राहिली. जानेवारी १९५४ मध्ये तिला ‘६१ कॅव्हलरी’ हे नाव मिळालं. पुढे जयपूर हेच तिचं घर झालं. २३ सप्टेंबर १९१८ रोजी जोधपूर आणि म्हैसूरच्या लान्सर्सनी मशीनगनसमोर दौड करून हैफा घेतलं, तो वारसा ही रेजिमेंट सांगते.

आता विचार करा. घोडा मुळात पळणारा प्राणी. धोका दिसला की पाठ फिरवायची, हा त्याचा स्वभाव. मग तो गोळीबाराच्या दिशेनं कसा धावतो?

१८९८ मध्ये एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन संशोधकानं मांजरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. भुकेलं मांजर पेटीत, खाणं बाहेर. धडपडताना कधीतरी कडी सुटे. पुढच्या खेपांना वेळ हळूहळू कमी होत जाई. ज्या कृतीचं फळ चांगलं, ती पक्की होते, असा त्याचा निष्कर्ष होता. स्किनरनं पुढे याचंच शास्त्र बांधलं.

घोडेस्वारांना हे हातापायांनी ठाऊक होतं. टाचेचा दाब द्यायचा. घोड्यानं पाऊल टाकलं की त्याच क्षणी दाब काढायचा. ती सुटका हेच त्याचं बक्षीस. दाब काढलाच नाही, तर घोडा टाचेला मठ्ठ होतो. तो उधळल्यावर स्वार घाबरून दर वेळी खाली उतरला, तर घोडा उधळायला शिकतो. शिकणं थांबत नाही. आपण नको ते शिकवत असतो, इतकंच.

मग चाबूक? चाबूक ‘हे करू नको’ एवढंच सांगतो. ‘काय कर’ ते सांगत नाही. रागाच्या भरात घोड्याला हाताळू नये, हे ग्रीक सेनानी झेनोफननं तेवीसशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवलं. शिवाय मशीनगनसमोर चाबकाची भीती ती केवढी! नुसत्या धाकानं बसवलेली शिस्त मोठ्या धाकापुढे मोडते. आवाजाची सवय टप्प्याटप्प्यानं लावलेला, स्वाराच्या इशाऱ्यावर भरवसा बसलेला घोडाच तिथे टिकतो.

जवान असो, घरातलं मूल असो, हुकूम पाळला गेला की हुकूम देणाऱ्यानं लगाम सैल करावा. जय हिंद.