मार्गदर्शक श्वान : ताणप्रतिसादावरून निवड

अंध व्यक्तीला रस्त्याने सुरक्षित नेण्यासाठी शिकवलेल्या कुत्र्यास मार्गदर्शक श्वान म्हणतात. अनोळखी किंवा दचकवणाऱ्या प्रसंगी पिल्लाच्या शरीरात व वर्तनात होणाऱ्या बदलांना ताणप्रतिसाद म्हणतात आणि त्यांवरून ते या कामाला योग्य ठरेल का, हे ताडले जाते. पहिली प्रशिक्षणशाळा जर्मनीत ओल्डेनबुर्ग येथे १९१६ मध्ये, युद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी निघाली. मात्र पिल्लांची पद्धतशीर पारख १९४० च्या दशकात कॅलिफोर्नियात क्लॅरेन्स पॅफेनबर्गर यांनी रुजवली.

चाचणीत जवळच काहीतरी आपटून आवाज केला जातो, पायाखाली अनोळखी पृष्ठभाग येतो, तर वाढत्या कुत्र्यासमोर एकाएकी छत्री उघडली जाते. दचकणे हा दोष मानला जात नाही. कुत्रे किती लवकर सावरते, त्या वस्तूजवळ जाऊन ती हुंगते का आणि पुढे केलेला खाऊ घेते का, यालाच खरे महत्त्व असते, कारण समोरून वाहन येत असताना मालकाची ‘चल’ ही आज्ञा मोडून जागीच थांबण्याचा निर्णय त्याला ऐन ताणात घ्यावा लागतो. वारंवार जांभया देणे, ओठ चाटणे, शेपूट पायांत घालणे ही ताणाची बाह्य लक्षणे होत. लाळेतील कॉर्टिसॉल, म्हणजे अधिवृक्क ग्रंथीतून ताणाच्या वेळी स्रवणारे संप्रेरक, हेही मोजतात. परंतु ते आनंदाच्या उत्तेजनानेही वाढत असल्याने केवळ त्या आकड्यावर निवड सोपवणे धोक्याचे ठरते.

अमेरिकेतील ‘द सीइंग आय’ या संस्थेतील कुत्र्यांवर एमिली ब्रे व सहकाऱ्यांनी केलेल्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्या पिल्लांना आईचा सहवास व लाड अधिक लाभले, तीच पुढे प्रशिक्षणात अधिक प्रमाणात नापास झाल्याचे आढळले. लहानपणी थोडी अडचण सोसणे उपकारक असावे, असा त्याचा एक अर्थ लावला जातो.

महाराष्ट्रात श्वाननिवडीची परंपरा आहे ती पोलिसी कामाची. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांनंतर स्फोटके हुडकणारा ‘जंजीर’ हा लॅब्रॅडॉर पुण्याच्या गुन्हे अन्वेषण विभागाच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात शिकला होता; पण शोधक श्वानाला लागणारी वासामागे धावण्याची ओढ मार्गदर्शक श्वानात आवरलेलीच हवी, त्यामुळे एका कामाचे निकष दुसऱ्याला लावता येत नाहीत. परदेशी चाचण्याही इथे जशाच्या तशा पुरणार नाहीत, कारण त्या पदपथ असलेल्या व मोकाट कुत्री जवळजवळ नसलेल्या शहरांसाठी घडल्या आहेत. पनवेल–रोहा लोहमार्गावरील जिते स्थानकापासून गावात जाणाऱ्या अंध प्रवाशाच्या कुत्र्याला वाहनांबरोबरच गणेशोत्सवातील ढोल-ताशे आणि हद्द राखणारी भटकी कुत्रीही सोसावी लागतील. महाराष्ट्रासाठी चाचणी रचायची झाल्यास भटक्या कुत्र्यांसमोरील प्रतिसाद छत्रीच्या आधी तपासणेच योग्य होय.